राउटरमधलं आयपीव्ही६ चालू करावं का?

घरी फायबर आहे, राउटरमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या उपकरणांना पत्ते देण्याची नवी पद्धत) बंद दिसतं, ते चालू करून साध्या घरगुती माणसाला काय मिळणार, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: जरूर चालू करा.

तुमच्या फोनवर ते बहुधा आधीपासून चालू आहे. जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा एवढ्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथे सुरुवातीपासून आयपीव्ही६ वापरलं गेलं. कोट्यवधी लोक त्यावर आले आणि कुणाला एक सेटिंगही बदलावं लागलं नाही. घरच्या कनेक्शनलाही असंच व्हायला हवं. ते ग्राहकाच्या गळ्यात घालणं मला पटत नाही.

जुने पत्ते साधारण ४३० कोटीच. ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. मी घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर कुटुंबाचे फोटो ठेवतो. ते बाहेरून बघता यावेत म्हणून दोन रविवार राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडत बसलो होतो. मग स्टेटसच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसला आणि उलगडा झाला. वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, आणि तिथलं दार कंपनीच्या हातात असतं. आयपीव्ही६ वर त्या कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ता मिळाला आणि फोटो फोनवर उघडले.

राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये आयपी मोड 'व्ही४/व्ही६' दोन्ही ठेवा (जुनं बंद करू नका, अजून बऱ्याच साइट्स त्यावरच आहेत) आणि 'प्रिफिक्स डेलिगेशन' (घरातल्या उपकरणांसाठी कंपनीकडून पत्त्यांचा गट घेणं) चालू करा. आयपीव्ही६ चा फायरवॉल मात्र चालूच राहू द्या. प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळतो, म्हणून बाहेरून येणारं सगळं अडवायचं आणि लागेल तेवढंच एक पोर्ट उघडायचं.

राउटर कंपनीचा असेल तर हे पर्याय कुलूपबंद असू शकतात. कस्टमर केअरला नुसतं 'नेट स्लो आहे' सांगू नका, 'आयपीव्ही६ प्रिफिक्स मिळत नाही' असं सांगून तक्रार क्रमांक घ्या. माझं काम दुसऱ्या फोनला झालं.