वाचकांचे प्रश्न : खाचर पडीक ठेवावे का?

प्रश्न : मालाडच्या पश्चिमेला खाडीलगत आमचे 18 गुंठे वडिलोपार्जित भातखाचर आहे. वडील गेल्यापासून चार पावसाळे लावणी झालेली नाही. बांध एका बाजूने फुटला असून भरतीचे पाणी आत येते. शहराचा विकास आराखडा आल्यामुळे येथे आता शेती करता येणारच नाही, तेव्हा भाव येईपर्यंत जमीन तशीच पडू द्यावी, असे मोठे बंधू म्हणतात. हे बरोबर आहे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : आपल्या बंधूंचा आराखड्याविषयीचा समज चुकीचा आहे. जमिनीचा वापर पुढे बदलायचा झाल्यास तेथे काय करता येईल, हे आराखड्यातील विभाग (झोन) ठरवतो; चालू असलेली शेती बंद करा, असा हुकूम त्यातून निघत नाही. महापालिकेचा 2034 पर्यंतचा आराखडा 2018 मध्ये मंजूर झाला आहे. त्यात आपल्या जमिनीवर काय दाखवले आहे, याचे लेखी अभिप्राय रीतसर अर्ज करून मिळवा. सार्वजनिक कामासाठी आरक्षण निघाले आणि आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत संपादन झाले नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 खाली नोटीस देण्याचा हक्क आपल्याला आहे.

मला खरी काळजी वाटते ती फुटलेल्या बांधाची. खारे पाणी आत येत राहिले की भाताच्या जुन्या धसकटांमध्ये आधी खारट गवत दिसू लागते आणि मग भरतीबरोबर वाहत आलेल्या बिया गाळात रुजून हातभर उंचीची तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, उभी राहतात. तिवरांचे क्षेत्र सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडते, आणि जमीन खासगी असली तरी तेथे बांधकाम करण्यास उच्च न्यायालयाची मनाई आहे. म्हणजे ज्या भावाची बंधू वाट पाहत आहेत तोही हातचा जाईल आणि शेतही जाईल. तिवरे आधीच आली असतील तर ती मात्र कोणत्याही परिस्थितीत तोडू नका. नसतील तर खारभूमीचे काम पाहणारा विभाग आणि तलाठी यांच्याशी बोलून, लागणाऱ्या परवानग्या घेऊन, याच उन्हाळ्यात बांधबंदिस्ती करून घ्या, उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेची, झडप तपासा आणि पहिल्या पावसाच्या गोड्या पाण्याने खार धुऊन जाऊ द्या. बियाण्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राकडे विचारणा करावी. पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 हे क्षार सहन करणारे भाताचे वाण तेथलेच आहेत. पीक उभे राहिले की ई-पीक पाहणीत नोंद करायला विसरू नका, कारण सातबाऱ्यातील बारा नंबर म्हणजे पिकांचीच नोंदवही, आणि तेथे वर्षानुवर्षे ‘पड’ लागलेली असणे आपल्या हिताचे नाही. वारसनोंद राहिली असेल तर तीही आताच सर्व वारसांच्या नावे करून घ्या.

गिरगावात मुगभाट, फणसवाडी, केळेवाडी ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात, परंतु त्या नावांची शेते आणि वाड्या पाहिलेला माणूस आता सापडणार नाही. आपले खाचर अजून आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिले.

प्रश्न : आमच्या चाळीस वर्षांच्या इमारतीच्या गच्चीवर फूटभर माती पसरून भाजीचे वाफे करावेत, असा सभासदांचा विचार आहे. चालेल का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : फूटभर माती पसरू नका. भिजलेल्या मातीचा असा थर एका चौरस मीटरवर सुमारे 500 किलो भरतो, आणि वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला साधारण 150 किलो आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून बाग फुलवली गेली. त्याच मार्गाने वाळलेला पाला, उसाचे चिपाड आणि कंपोस्ट यांच्या हलक्या मिश्रणात कुंड्या भराव्यात. त्या मधोमध न मांडता तुळया आणि खांबांच्या रेषेवर, गच्चीपासून विटेइतक्या उंच ठेवाव्यात, म्हणजे खाली पाणी साचणार नाही. मेथी, माठ, पालक यांना वीतभर खोली पुरते. इमारत जुनी असल्याने संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला मिळेपर्यंत एकही कुंडी वर नेऊ नये.