पणजोबांच्या आधी पणजी शोध

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा वंशावळीचा तक्ता आणि सोबतचे फोटो मिळाले. मोडीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून मुकाट्याने वळणं गिरवणारी तू, एवढं काम करून बसली असशील असं वाटलं नव्हतं. फार आनंद झाला. म्हणूनच नुसतं ‘छान’ म्हणून सोडून देत नाही.

तक्ता वरून खाली भरलेला दिसतोय. सगळ्यात वर पानिपतावर पडलेले पूर्वज, मग त्यांचा मुलगा, मग रामचंद्र, मग सखाराम, मग तुझे पणजोबा रामचंद्र. पुण्यातल्या कितीतरी घरांत ‘आमचे एक पूर्वज पानिपतावर पडले’ असं सांगतात. ते खोटंच असतं असं नाही. पण जरा हिशेब करून बघ. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. पणजोबांचा जन्म तू १८९६ लिहिला आहेस. जन्मपत्रिकेवर शके १८१८, दुर्मुख संवत्सर, माघ महिना आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे हे बरोबर, पण ते पाडव्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत. पुढच्या पाडव्यापर्यंतच्या महिन्यांना एकोणऐंशी. म्हणजे तो माघ १८९७ चा, पुण्यात प्लेग होता तेव्हाचा. आता पानिपतावर पडलेल्यांचा मुलगा फार तर १७६१ चा धर. तिथपासून १८९७ पर्यंत एकशे छत्तीस वर्षं, आणि तुझ्या तक्त्यात पिढ्यांची पावलं तीनच. दर पिढीला पंचेचाळीस वर्षं! एखाद्या पिढीत उतारवयात मूल झालं असेल, सलग तीन पिढ्यांत नाही. आपल्याकडे पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरतात, त्या हिशेबाने इथे पाच पावलं हवीत. दोन माणसं गळली आहेत.

कुठे गळली, तेही सांगते. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत तुमच्याही घरात दिसते. रामचंद्राचा सखाराम, सखारामाचा रामचंद्र, त्याचा पुन्हा सखाराम. चार माणसं, नावं दोनच. कागदावर दोन रामचंद्र एकमेकांत सहज मिसळतात आणि त्यांच्यामधला सखाराम कोणाच्या लक्षातही न येता नाहीसा होतो. पुरुषांच्या नावांकडे कितीही टक लावून बघितलंस तरी ही गाठ सुटायची नाही. ती सुटेल त्यांच्या बायकांच्या नावांनी, कारण त्या दर पिढीला वेगळ्या घरातून आलेल्या असतात.

तू पाठवलेल्या दोन फोटोंतच ते दिसतंय. एक आहे मावळातल्या जमिनीच्या फेरफाराचा. त्यात ‘रामचंद्र सखाराम, अ.पा.क. आई काशीबाई’ असं आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. पणजोबा तेव्हा अजाण होते, वडील गेलेले होते आणि आई हयात होती, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत आहे. दुसरा फोटो घरातल्या श्राद्धाच्या वहीतल्या पानाचा. तिथे ‘अविधवा नवमी’ या मथळ्याखाली ‘राधाबाई, सखाराम यांचे कुटुंब’ असं लिहिलंय. भाद्रपद वद्य नवमीला श्राद्ध करतात ते नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं. म्हणजे राधाबाई सवाष्ण गेल्या, आणि काशीबाई तर नवऱ्यामागे मुलाला सांभाळत होत्या. या दोघी एक नव्हेत. तू तक्त्यात सखारामांसमोर ‘राधाबाई (काशीबाई)’ लिहून माहेरचं-सासरचं नाव म्हणून वाट काढलीस. तसं करू नकोस. इथे दोन शक्यता आहेत. एका सखारामांची दोन लग्नं झाली असतील, किंवा सखाराम दोन असतील. वही पणजोबांच्या हातची निघाली तर दुसरी शक्यता बळकट होते, कारण श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या घेतात आणि त्यांच्या वहीत वडलांच्या जागी एक सखाराम आणि पणजोबांच्या जागी दुसरे सखाराम येऊ शकतात. तेव्हा आधी अक्षर कोणाचं ते बघ. पणजोबांच्या हातचं एखादं पत्र किंवा जमाखर्चाची वही घरात असेलच, ती शेजारी ठेव. आणि श्राद्धाची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोटो काढून पाठव, एकच पान नको.

त्या वहीचं मोल घरात कोणाला माहीत नसेल तर समजावून सांग. महालयाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या यादीत बापाकडच्या आणि आईकडच्या तीन-तीन पिढ्या असतात, शिवाय काका, मामा, आत्या, मावश्या, सासरे, गुरू. इनामाच्या कागदात कधी न आलेली माणसं तिथे असतात. चतुर्दशीला कोणाचं नाव असेल तर ते माणूस शस्त्राने किंवा अपघातात गेलं असं समज आणि त्याची चौकशी कर. तिथीवरून साल कळत नाही, पण मृत्यूचा दाखला सापडलाच तर तो याच माणसाचा की नाही ते तिथी लगेच सांगते.

आता आत्याआजीबद्दल. तू लिहिलंस की ‘आत्याआजी आहे, पण तिला फार काही आठवत नाही.’ तिला तू नावं विचारली असशील. म्हाताऱ्या माणसाला थेट ‘खापरपणजीचं नाव काय’ विचारलं की ते गप्पच होतं. तिला विचार, लहानपणी घरात कोणाकोणाचं सुतक धरलं? दहा दिवस कोणाचं आणि तीनच दिवस कोणाचं? दहा दिवसांचं म्हटलं की भाऊबंद आले, मग ते बारामतीला असोत नाहीतर बडोद्याला. कोणाच्या लग्नाला बैलगाडीने गेलात? आजी बाळंतपणाला कुठे जायची? माहेरचं गाव असं सहज निघतं. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, घरातलं काय गेलं आणि काय वाचलं, हेही विचार. नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांची दप्तरं त्या एका दिवशी वाहून गेली. पण त्याआधीच एखादी पेटी लेकीच्या घरी गेलेली असते आणि तिच्यात पत्रिका, लग्नाच्या याद्या, देण्याघेण्याचे कागद सापडतात. घराण्याची कागदपत्रं फक्त मुलांकडेच असणार हा समज काढून टाक. देव्हाऱ्यातले टाकही एकदा नीट बघून घे. कुलदैवताखेरीज एखादा वीराचा टाक असेल तर तो कोणाचा म्हणून पुजतात ते विचार. पानिपताची गोष्ट तिथून आली असण्याची शक्यता आहे.

मग सरकारी कागद. वडगाव मावळच्या तहसील कार्यालयात जुने फेरफार मिळतील, म्हणजे गाव नमुना सहा, आणि वारसांची नोंदवही सहा-क. जुने अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही बघता येतात, पण स्कॅन पुसट असेल तर मूळ नोंदवही दाखवा म्हणून नम्रपणे विनंती कर. कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंद, नक्की मागून बघ. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे असतील तर वारसांत मुलींची नावं क्वचितच येतात. त्यानंतर येऊ लागली, आणि लगोलग हक्कसोडपत्रंही येऊ लागली. बहिणींनी भावांसाठी हक्क सोडला, त्यात किती जणींनी मनापासून सोडला कोण जाणे. ते कागद वाचताना मला अजूनही राग येतो. पण त्याच कागदावर त्या प्रत्येकीचं सासरचं पूर्ण नाव, गाव, वय असतं. घराण्यातल्या हरवलेल्या लेकी शोधायला याहून चांगला कागद नाही. त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचलीस तर तुझ्या घरात नसलेला एखादा फोटो तिथे भिंतीवर असेल.

शाळाही विसरू नकोस. पुण्याला याबाबतीत मोठं भाग्य लाभलं आहे. हुजूरपागा १८८४ ची, कर्वे यांची संस्था १८९६ ची, सेवासदन १९०९ चं. तुझी पणजी पुण्यात शिकली असेल तर शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात तिचं माहेरचं नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख, सगळं असायला हवं. नात्याचा पुरावा आणि रीतसर अर्ज घेऊन जा. आधी शाळेचं वर्ष अंदाजाने ठरव, नाहीतर ऑफिसातल्या माणसाला वीस वर्षांची रजिस्टरं चाळायला लावशील आणि तो नाही म्हणेल.

पुराभिलेखागारात जायची तुला घाई झाली आहे, ते मला कळतं. पेशवे दप्तरात मोडीचे कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतला एखादा आपल्या घराचा असेल या कल्पनेनेच हात शिवशिवतात. पण एकोणिसाव्या शतकातले सखाराम-रामचंद्र पक्के झाल्याशिवाय तिथे जाऊन काय शोधणार? कोणताही सखाराम आपलाच वाटायला लागेल. ते पक्के झाले की मात्र जरूर जा आणि इनाम कमिशनच्या दप्तरापासून सुरुवात कर. १८५२ च्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्यासाठी घराण्यांनी कैफियती दिल्या, वंशावळी लिहून दिल्या. तुमच्याकडे इनाम होतं असं आजोबा म्हणत असतील तर तुमची वंशावळ तिथे मिळू शकते. फक्त ती कशासाठी लिहिली होती ते लक्षात ठेव. हक्क टिकवायला लिहिलेल्या वंशावळीत मूळ पुरुष जितका जुना तितकं बरं असायचं, आणि ज्या शाखेला वाटा द्यायचा नाही ती शाखा गाळलेली असायची. दत्तक गेलेला मुलगा कधी दोन्ही घरांत दिसतो, कधी एकाही नाही. वाटपाच्या दाव्यातली वंशावळही तशीच वाचायची. विरुद्ध बाजूने काय लिहून दिलं तेही वाचल्याशिवाय त्या तक्त्यावर विसंबू नकोस.

तिथे तारखा तुला अडवतील. ‘सबा सबैन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरू नकोस, ते अरबी शब्दांत लिहिलेलं साल आहे, उलटीकडून मोज. अलफ हजार, मया शंभर, सबैन सत्तर, सबा सात. शुहूर सन ११७७. त्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि पुढे ६००. म्हणजे १७७६-७७. गावाच्या नावापुढची तर्फ आणि परगणा, म्हणजे ते गाव कोणत्या जुन्या महसुली विभागात होतं, तेही उतरवून घे. एकाच नावाची गावं ढिगाने आहेत. आडनावाची फार आशा धरू नकोस. एका भावाकडे कुलकर्ण राहिलं तर तो कुलकर्णी, दुसरा गाव सोडून गेला तर गावाच्या नावाचा ‘कर’. आडनावावरून चुलत घराणी सुटतात आणि परकी घराणी चिकटतात. भारत इतिहास संशोधक मंडळात छापील कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याच्या इतिहासाची पुस्तकं, बघायला मिळतील, तेही याच सावधगिरीने चाळ. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांवर माझा कुलवृत्तांतांपेक्षा जास्त विश्वास आहे, कारण तिथे यात्रेला गेलेल्या माणसाने स्वतः आपलं नाव, गाव आणि सोबत कोण होतं ते लिहिलेलं असतं. तुझी मैत्रीण कोल्हापूरकडची आहे ना? तिला सांग, गावात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, येत असतील तर पुढच्या सुगीनंतर त्यांच्यासमोर बसून सगळं ऐक आणि लिहून घे. तिच्या घराण्याची आठवण त्यांच्याकडे असेल.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. तुझ्या चुलतभावाला जात पडताळणीसाठी वंशावळ हवी आहे आणि तो तुझा तक्ता मागतो आहे, असं तू लिहिलंस. २०२३ पासून जुन्या नोंदी शोधायला लोकांची रीघ लागली आहे, तेव्हा त्याची घाई मी समजू शकते. पण पडताळणीची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. त्यात कागदाने सिद्ध झालेलीच माणसं यायला हवीत. तुझ्या तक्त्यातला पानिपतापासून पहिल्या सखारामापर्यंतचा भाग आज त्याला देऊ नकोस. तक्त्यात पक्की माणसं काळ्या शाईने लिही आणि ऐकीव माणसं पेन्सिलने. प्रत्येक नावामागे कागद कोणता आणि तो कुठे ठेवलेला आहे, तेही लिही.

शोधताना घरातल्यांना नको असलेलंही काही सापडेल. कोणाचं दुसरं लग्न, कोणाला घराबाहेर काढलेलं, कोणी बाळपणी विधवा झालेली आणि मग कुठल्याच यादीत नसलेली. ते तक्त्यात असायलाच हवं, नाहीतर तक्ता खोटा. पण कोणाला आणि कधी सांगायचं ते त्यांच्या जवळच्या माणसांशी बोलून ठरव. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते असलेला तक्ता कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस. तो कुठवर जाईल त्याचा नेम नाही.

तर आधी वहीचे सगळे फोटो आणि पणजोबांचं अक्षर. मग आत्याआजी. तिच्याकडे दुपारी चहाच्या वेळेला जा, सकाळी पूजाअर्चा असते आणि संध्याकाळी ती दमलेली असेल. राधाबाई कोणत्या गावच्या एवढंच पहिल्या भेटीत कळलं तरी पुष्कळ झालं. मावळातल्या फेरफाराची नक्कल मिळाली आणि त्यात एखादं मोडी पान आलं तर आधी स्वतः लावून बघ, मग मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच असते.

तुझी,
बाई