कटिबंधातील (कंबरेखालच्या, पेल्व्हिसच्या) हाडाची गाठ काढल्यावर खास बनवलेले इम्प्लांट बसवावेच लागते का?

प्रत्येक वेळी नाही. केवळ कटिबंधाचे पुढचे हाड (जघनास्थी) काढले असेल, तर पुनर्रचनेशिवायही रुग्ण सहसा चांगला चालू शकतो; खरा प्रश्न उभा राहतो तो खुब्याची वाटी काढावी लागते तेव्हा, कारण शरीराचा भार तिथूनच पायाकडे जातो. अशा वेळी सीटी स्कॅन आणि एमआरआयवरून गाठीची सीमा ठरवून टायटॅनियमचे इम्प्लांट थ्रीडी प्रिंटिंगने तयार करतात, आणि हाड आखलेल्या रेषेवरच कापले जावे म्हणून त्यावर चपखल बसणारे कटिंग गाइडही सोबत बनवतात. इम्प्लांटच्या सच्छिद्र पृष्ठभागात हाड वाढून पकड घेते. मात्र असे इम्प्लांट तयार व्हायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात गाठ वाढल्यास माप चुकते. म्हणून केमोथेरपीच्या वेळापत्रकाशी मेळ घालणे मला फार महत्त्वाचे वाटते. जंतुसंसर्गाचा धोकाही मोठा असतो, त्याबद्दल शल्यचिकित्सकांना आधीच स्पष्ट विचारावे.