कायद्यातलं एलएलएम झालंय, पुढे डिजिटल कायद्यात संशोधन करायचंय?

अगं, जरूर कर. पण ‘सायबर लॉमध्ये पीएचडी’ असं सांगत फिरू नकोस. तो विषय नव्हे, अख्खा मांडवीचा बाजार आहे. एकच प्रश्न धर. उदाहरणार्थ, बडोद्यातल्या माणसाचा डेटा परदेशातल्या सर्व्हरवर असेल, तर हुकूम कुणाचा चालणार?

पहिले सहा महिने जुन्याला दे. १९२७चा ‘लोटस’ खटला वाच, मूळ निकाल, गाईड नाही. भर समुद्रात फ्रेंच आणि तुर्की जहाजांची टक्कर, पण भांडण तुझंच: अधिकारक्षेत्र कुणाचं? मग सायबर गुन्ह्यांवरचा २००१चा बुडापेस्ट करार. भारत त्यात नाही. का नाही, हे शोधतानाच अर्धा प्रस्ताव तयार होईल.

नवखी मंडळी हमखास दोन ठिकाणी फसतात. रोज नव्या ॲपमागे धावतात, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलला लेख देतात. दुसरं मीही केलंय. साडेतीन हजार गेले, मुलाखतीत तो लेख कुणी उघडूनही पाहिला नाही.

प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी सोबत चालू दे. कोडिंग सध्या राहू दे, आयपी ॲड्रेस म्हणजे काय ते कळलं तरी पुष्कळ.

विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसतेसच ना? १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ यावं म्हणून भांडल्या त्या ह्याच बाई.

एक पान लिहून झालं की रविवारी दांडिया बाजारात घरी घेऊन ये.