नेरूळमधलं जुनं रो-हाऊस पाडून नवं बांधतोय. पर्यावरणाचा विचार केला तर भिंतींना लाल विटा बऱ्या की एएसी ब्लॉक?

एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक छिद्रांचे हलके काँक्रीट ब्लॉक) घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉलम, बीम, स्लॅबच्या काँक्रीटला स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, मिसळलेलं सिमेंट) वापरा. लाल विटेसाठी चांगली माती खणून भट्टीत भाजावी लागते. एएसी ब्लॉकमध्ये मोठा वाटा औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा असतो. ब्लॉकचं वजन घनमीटरला साधारण 550 ते 650 किलो, विटेचं जवळपास तिप्पट. भिंती हलक्या झाल्या की सळई आणि काँक्रीटही वाचू शकतं, पण आरसीसी कन्सल्टंटला (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला) हे डिझाइनच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. सिमेंटचं म्हणाल तर सगळ्यात जास्त कार्बन डायऑक्साइड क्लिंकर (सिमेंटचा मूळ भाजलेला घटक) भाजताना सुटतो, बराचसा चुनखडीतूनच. स्लॅग सिमेंटमध्ये (भारतीय मानक आयएस 455) 25 ते 70 टक्के स्लॅग असतो, म्हणजे तेवढं क्लिंकर कमी. शिवाय नेरूळसारख्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत सळई गंजवणारे क्लोराइड अशा काँक्रीटमध्ये सहज शिरत नाहीत. मात्र त्याला ताकद हळू येते, म्हणून क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं) किमान 10 दिवस हवंच. सातव्या दिवशी पाणी थांबवायला कंत्राटदाराला देऊ नका.

एक अडचण आहे: एएसी ब्लॉक पाणी शोषतो. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंतींना बाहेरून दोन थरांचं वॉटरप्रूफ प्लास्टर करा, खिडक्यांवर छज्जे ठेवा आणि कॉलम-ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारून मगच प्लास्टर करा. तडे बहुतेक तिथेच जातात.