रस्त्याकडेला मेलेला तित्तर सापडला, घरीच पेंढा भरून ठेवता येईल का? सांगलीत राहतो, पहिलीच वेळ आहे.

तित्तर नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे, आणि मेलेला सापडला तरी मालकी सरकारची. वनविभागाला कळवा.

हात बसवायचा असेल तर गावठी कोंबडी घ्या. कोंबडा नको, कारण वाळताना तुरा आकसतो आणि चेहराच बिघडतो. रोगानं मेलेली तर अजिबात नको. चिकनवाल्याला आधीच सांगा, गरम पाण्यात बुडवू नको; पिसं सैल झाली की सगळं संपलं. रक्ताचे डाग लगेच थंड पाण्यानं धुवा.

छातीच्या हाडावरून खाली फक्त कातडीला चीर द्या. पोट फाडू नका. पुढं ब्लेड कमी, बोटं जास्त. ओल आली की मक्याचं पीठ भुरभुरवा. शेपटीपाशी सावकाश जा: मुळाचं हाड कातडीलाच राहू द्या, नाहीतर शेपटीची पिसं हातात येतात. चरबी शेवटपर्यंत खरवडायची. राहिली तर पुढं तेल पाझरून पिसं पिवळी पडतात. मग भांड्यांच्या साबणानं धुवून, ड्रायरनं पिसं फुलवून, आतून टाकणखार चोळा. जुन्या पद्धतीतलं आर्सेनिक घरात आणूच नका.

सोलून काढलेलं धड फेकू नका, त्याच मापाचं लाकडाच्या लांब, बारीक तुसांचं (वुड वूल) नकली धड दोऱ्यानं घट्ट बांधायचं. पाय, मान, पंखांत तार. वाळायला दोन-तीन आठवडे.

प्रत्यक्ष बघायचं तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात टॅक्सिडर्मी (मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्याचं) केंद्र आहे, तिथं विचारा.