कंपन्यांमध्ये वरच्या पदांवर बायका इतक्या कमी का? त्या स्वतःच जबाबदारी नाकारतात का?

नाकारणाऱ्या असतात, नाही असं नाही. पण एचआरमध्ये अकरा वर्षं काढल्यावर मी एवढं सांगू शकते की बहुतेकींना कुणी विचारतच नाही.

प्रमोशनची एक बैठक आठवते. शेवटी दोन नावं उरली. तिचं रेटिंग सलग तीन वर्षं त्याच्यापेक्षा वरचं. एक साहेब म्हणाले, "काम चोख आहे हो, पण मूल लहान आहे. दौरे जमतील का?" मूल त्यालाही होतं, आणि तिच्या मुलापेक्षा चार महिन्यांनी लहान! त्याच्याबद्दल मात्र, "होईल तयार, पोरात दम आहे." मी मिनिट्स लिहीत होते आणि गप्प बसले. तिला नंतर कळलं तेव्हा म्हणाली, "मला विचारायचं तरी."

म्हणजे तिला केलेल्या कामावर तोलायचं आणि त्याला पुढे करेल त्या कामावर. हा काही माझ्याच ऑफिसचा किस्सा नाही. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल कंपनीच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तर स्त्रियांना कामगिरीचे गुण जास्त आणि 'पोटेंशियल'चे कमी मिळालेले दिसले.

'काचेचं छत', म्हणजे बायकांना वरच्या पदांआधी अडवणारा न दिसणारा अडथळा, हा शब्द १९७८ पासून वापरात आहे, त्यामुळे सगळे वर बघत बसतात. गळती सुरू होते ती पहिल्याच पायरीवर. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीनइन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या अमेरिकेतल्या कंपन्यांवरच्या २०१९ च्या अहवालात १०० पुरुष पहिल्यांदा मॅनेजर झाले तेव्हा स्त्रिया होत्या ७२. २०२४ मध्ये ८१. तिथेच कमी पडल्या तर पुढे डायरेक्टर आणायच्या कुठून? नॉर्वेने कायदा करून संचालक मंडळांत ४० टक्के स्त्रिया आणल्या, तरी सीईओच्या खुर्च्यांवर फारसा फरक पडला नाही.

शिवाय वर गेलेल्यांतही बऱ्याच जणी एचआर, कम्युनिकेशन अशा खात्यांत असतात (मीही त्यातलीच), आणि सीईओ निवडला जातो तो नफा-तोट्याचा हिशेब सांभाळलेल्यांतून.

हल्ली बैठकीत दौऱ्यांचा प्रश्न निघाला की मी तो दोन्ही नावांपुढे लिहिते आणि पुरुषाच्या बाबतीतला आधी वाचून दाखवते. बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, ते खोडा."